पुडकं घेऊन माणूस येतोय

हमीदभाई गेले त्याला आता सात आठवडे होतील. सकाळची वेळ, मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर, चहात खारी बुडवत बसलो होतो आणि त्यांच्या नातवाचा फोन आला. "शरीफ अंकल, दादा इज नो मोर." मी येड्यासारखा विचारून बसलो, "म्हणजे कुठे गेले?" आमच्या वयाला पोचल्यावर अशा बातमीची मनाची तयारी असते, असं लोक म्हणतात. कसली डोंबलाची तयारी! खारी कपात पडून विरघळली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. मग मुलानं गाडी काढली. हमीदभाई त्यांच्या मुलाकडे, अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचे. तिथे पोचेपर्यंत मी हातातला फोन उलटासुलटा करत होतो. मुलाला वाटलं, दोस्त गेल्याचं दुःख आहे. दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती होती, कारण आज यूसुफभाईंचा फोन येणार हे मला ठाऊक होतं.

यूसुफ म्हणजे हमीदभाईंचा धाकटा भाऊ. दाभोळच्या खाडीकाठी गावी असतात, गुडघे गेलेत, प्रवास झेपत नाही. माती देऊन आम्ही घरी परतलो, सगळे सतरंजीवर बसले आणि फोन आलाच. स्पीकरवर ठेवला. ऐंशी ओलांडलेला माणूस लहान पोरासारखा रडत होता. "भाईंनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही हो," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग एकदम थांबले. "शरीफभाई आहेत का तिथे?" मी म्हटलं, आहे. "शरीफभाई, भाईंना विचारायचं राहूनच गेलं. सगळी उमर गेली... एडनला तेव्हा जे पुडकं पाठवलं होतं, जे आलंच नाही, त्यात काय होतं?"

"सुकट होती," मी म्हणालो. "आमसुलं होती. आणि तुमच्या अम्मांनी बांधून दिलेली फणसपोळी." जीभ कशी सरळ चालली, अडखळलीसुद्धा नाही. "फणसपोळी..." यूसुफभाई म्हणाले, "मला आवडायची. भाईंच्या लक्षात होतं म्हणजे." खोलीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पाणी मागितलं.

आता मूळ गोष्ट सांगतो. मी आणि हमीदभाई शारजाला भेटलो ते साठच्या दशकात. तेव्हा यूएई हे नावही जन्माला आलेलं नव्हतं. वाळू, खाडी, खजुराच्या झावळ्यांची घरं आणि गावाबाहेर इंग्रजांचा विमानतळ. मी मुरूडला टायपिंग शिकून आलेला बावीस वर्षांचा उंडगा, ते कार्गो शेडमधले थोरले क्लार्क. विमानातून उतरणारी आणि विमानात चढणारी खोकी मोजायची, वजनं घ्यायची, हे त्यांचं काम. त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं, हे माझं. अंगकाठी बारीक, दाढी कोरलेली, कानामागे पेन्सिल. चिडले की शिव्या कोकणीत द्यायचे, म्हणजे साहेबाला वाटायचं हा काहीतरी हिशेब बोलतोय. पहिल्याच दिवशी माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, इथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द टाइप करायचा. ट्रान्झिट. आत काय आहे ते आपल्या बापानंही विचारायचं नाही. खलास."

तो शब्द आमची ढाल होता. इथला माणूस म्हणायचा, हा आमचा झगडा नाही. शेखांचं एडनकडच्या कुणाशी वैर नव्हतं. आमचा हिंदुस्थान तर अलिप्त, दोन्हीकडे सलाम करणारा. विमानं फक्त उतरायची, तेल प्यायची, खोकी घ्यायची आणि एडनकडे निघून जायची. एडन तेव्हा इंग्रजांचंच बंदर; तिकडच्या डोंगरात त्यांची टोळीवाल्यांशी लढाई पेटली होती, पण ती तिकडे. बाजारातल्या चहावाल्याचा ट्रान्झिस्टर मात्र कैरोचं स्टेशन लावून बसलेला असायचा. निवेदक एकेका डोंगरी गावाचं नाव घ्यायचा, तिथे काय पडलं ते सांगायचा आणि दुकानातली सगळी डोकी आमच्याकडे वळायची. चहावाला हसत विचारायचा, "हबीबी, आज किती खोकी गेली?" हसतच विचारायचा, पण मी चहा अर्धाच ठेवून उठायचो. परतताना मी एकदा हमीदभाईंना म्हटलं, हे काही बरं नाही. ते म्हणाले, "शरीफ, पत्रात शिव्या असल्या तर पोस्टमनला पाप लागतं का?" मी म्हटलं, नाही. "मग झालं तर. चल, भात लावायचाय."

त्यांचा पोस्टमनपणा टिकला असता. पण यूसुफ एडनला होता. तिथल्या बंदरात लाँचवर खलाशी. तिकडच्याच एका डोंगरी गावातल्या मुलीशी, नूराशी, त्यानं निकाह केला होता. घरी यावरून मोठी रणधुमाळी झाली, शेवटी हमीदभाईंनी अम्मांची समजूत काढली. नूराला त्यांनी पाहिलं नव्हतं, तिचा फोटोही नव्हता. पण तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कॉफीच्या वाळक्या सालींचा डबा पाठवला होता. त्याचा काढा हमीदभाई तोंड वाकडं करत रोज प्यायचे आणि म्हणायचे, "भावजयीनं पाठवलंय, टाकायचं कसं?" दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यूसुफ बायकोला घेऊन तिच्या माहेरी, वरच्या दरीत जायचा. त्या दरीचं नाव मी इथे लिहीत नाही. हमीदभाईंना मात्र ते पाठ होतं.

एका सोमवारी सकाळी शेडमध्ये कागदांचे गठ्ठे आले. वरची पट्टी पत्र्याच्या कडेला लागून फाटली आणि आतले गुलाबी पर्चे भसाभस जमिनीवर पडले. अरबीत छापलेले. हमालांनी ते गोळा करून परत कोंबले. हमीदभाई एक पर्चा हातात धरून उभे होते. कुराणाची अक्षरं येत असल्यानं ते अरबी वाचायचे, अर्थ अर्धामुर्धा लागायचा. त्यांचे ओठ हलत होते. मग माझ्या डोळ्यांसमोर तो पर्चा घडी होऊन त्यांच्या सदऱ्यात गेला. मी आजूबाजूला बघितलं. दुपारी खोलीवर आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला. नूराच्या माहेरच्या दरीचं नाव होतं. शुक्रवारपासून त्या दरीत जो कोणी राहील तो आपल्या जबाबदारीवर, असं काहीसं खाली होतं. "हे वरून टाकणार," ते म्हणाले. "आणि ते वाचून लोकांनी निघून जायचं म्हणे. अरे, त्या डोंगरात वाचता येतं कुणाला?" मग स्टोव्ह पेटवताना त्यांनी तो कागदच काडीला लावला. पर्चा जळला, त्यावर चहा झाला आणि आम्ही तो प्यायलो. मला ती चव अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान एडनला जाणार होतं आणि त्यावर मिंगेल नावाचा गोव्याचा स्ट्यूअर्ड होता. चांगला माणूस, आमच्याबरोबर मासे खायला यायचा. चिठ्ठी त्याच्या हाती देता आली असती. पण लिहायचं काय? खरं लिहावं आणि वाटेत कुणी उघडली, तर मिंगेलसकट आम्ही तिघंही आत. शिवाय यूसुफला वाचता येत नव्हतं. एडनमध्ये आमच्या जमातीची एक मोठी खोली होती, तिथे गावाकडची पत्रं यायची आणि एक मुन्शी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. दहा-पंधरा माणसं कान देऊन ऐकायची, मध्येच "वा" म्हणायची, "आता पुढे?" विचारायची. आमच्याकडे पत्र म्हणजे चावडीच. तिथे बॉम्बचा शब्द निघाला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदरात पोचला असता. आज मनात येतं, पोचायला काय हरकत होती? पोचायलाच हवा होता. पण तेव्हा आम्हाला फक्त आपली मान दिसत होती, आणि आपला भाऊ.

हमीदभाई पेन्सिल चावत बसले. "अम्मा आजारी आहे लिहू?" मी म्हटलं, "मग तो दुआ मागायला सासरच्या पीराकडेच जाईल." आणि मग मला सुचलं. मोठा हुशार ना मी! म्हटलं, "हमीदभाई, कोकणी माणूस कशासाठी घरातून हलत नाही? गावाकडून पुडकं येतंय म्हटल्यावर. लिहा की पुडकं घेऊन माणूस येतोय, शुक्रवारपर्यंत घरीच थांब." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग इतक्या भीतीतही हसले. "हरामखोरा," म्हणाले, "बरोबर आहे. पुडक्यासाठी तो स्वतःचा निकाहसुद्धा पुढे ढकलेल." त्यांनी लिहिलं. शेवटी एक ओळ आणखी घातली, नूरालाही घरीच थांबवून घे, अशी. मी ती वाचली आणि म्हटलं, "हे काय? पंधरा बाप्यांसमोर वाचणार आहेत ते. घरातल्या बाईचं नाव कशाला? आणि पुडकं घ्यायला बाई कशाला लागते, लोक विचारतील. तो थांबला की ती थांबणारच, नवऱ्याशिवाय कुठे जाते?" त्यांना ते पटत नव्हतं. पेन्सिल दोनदा उचलून खाली ठेवली त्यांनी. शेवटी कागद मीच ओढून घेतला आणि ती ओळ मी खोडली. खोडलेलं दिसू नये म्हणून अख्खं पत्र स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढलं, तेही मीच.

मंगळवारी मिंगेलनं पत्र नेलं. बुधवारी साहेबानं शेडमधल्या आम्हा सगळ्या हिंदी लोकांना उन्हात ओळीनं उभं केलं. फाटलेल्या गठ्ठ्यातला एक पर्चा कमी भरत होता. साहेब सभ्य होता, आवाज चढवत नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. एकेकाचे खिसे उलटे केले. माझी पाळी आली तेव्हा माझे दात वाजत होते, अंगावर घाम वाहत असताना. "आर यू सिक?" त्यानं विचारलं. हमीदभाई शेजारून शांतपणे म्हणाले, "सर, ही हॅज मलेरिया." साहेबानं पुढे सरक म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस बाहेर जीप थांबली की मी भिंतीला चिकटायचो, शेडमध्ये कुणी मोठ्यानं नाव घेतलं की हातातला कागद खाली पडायचा. हमीदभाई फक्त एवढंच म्हणायचे, "यूसुफ वाचला असेल ना रे? मग झालं. इन्शाल्ला, मग झालं."

तीन आठवड्यांनी यूसुफचं पत्र आलं, त्या मुन्शीच्या अक्षरात. हमीदभाईंनी शेडच्या मागे, तेलाच्या पिंपांआड ते उघडलं आणि मला म्हणाले, "तू वाच." मी वाचलं. भाई, तुमचं पत्र मिळालं. मी शुक्रवारपर्यंत घरात थांबलो, पाणी भरायलासुद्धा गेलो नाही, पण पुडकं घेऊन कोणी आलं नाही. नूराची आई आजारी होती म्हणून तिला मी बुधवारीच तिच्या भावाबरोबर पुढे पाठवलं. म्हटलं, तू हो पुढे, माझं पुडकं येतंय, घेतो आणि शनिवारी येतो... त्याच्यापुढचं मी एका दमात वाचून टाकलं. पर्चे पडले होते म्हणे, पण वाऱ्यानं पलीकडच्या दरीत गेले. शुक्रवारी बॉम्बनं घर गेलं, घरात तिची आई गेली, नूरा गेली. शेवटी लिहिलं होतं, पुडक्यामुळे मी वाचलो, भाई, तुमचे उपकार आहेत.

हमीदभाईंनी माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी केलं. मला वाटलं, आता माझी मानगूट धरतील. धरायला हवी होती. ते म्हणाले, "पत्र माझं होतं. सही माझी होती. तू त्यात कुठेच नाहीस, कळलं? कधीच नव्हतास." आणि मी, अल्ला माफ करो, मला त्या क्षणी हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो. विमान आलं होतं. त्यांनी खोकी मोजली, मी टाइप केलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच शब्द. पोस्टमनची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. वर्षभरानं त्यांनी तळ सोडला आणि बाजारात एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस झाले. लोक हसले, साहेबाची नोकरी सोडून गज मोजायला गेला म्हणून. मी मात्र तळावरच राहिलो, इंग्रज जाईपर्यंत. का राहिलो? सोडलं तर कुणी विचारेल का सोडलंस, याचीच भीती होती. दुसरं काही नाही.

पुढे आयुष्य लागतं तसं मार्गी लागलं. यूसुफभाई एडन सोडून गावी परतले, दुसरं लग्न झालं, लेकरं झाली. आमचीही. हमीदभाईंनी मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. दर ईदला भेटायचो, बिर्याणीत बटाटा हवा की नको यावर तावातावानं भांडायचो. फक्त एक खोड त्यांना लागली होती आणि ती सगळ्या खानदानात चेष्टेचा विषय होती. पत्र असो, लग्नाची पत्रिका असो की हल्ली मोबाइलवरचा आवाजी निरोप, "घरात सर्वांना सलाम" असं ते कधी म्हणायचे नाहीत. एकेकाचं नाव घ्यायचे. सुना, लेकी, पाळण्यातलं पोर, घरकामाला येणारी बाई, सगळ्यांची. चार मिनिटांचा निरोप नुसत्या नावांचा. नातवंडं म्हणायची, "दादा, जस्ट से एव्हरीवन!" ते म्हणायचे, "एव्हरीवनमध्ये माणूस सुटतं." पोरं खो खो हसायची. मी त्यात हसल्यासारखं करायचो आणि काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जायचो.

चाळिसाव्याच्या जेवणाला गेलो होतो तेव्हा त्यांची सून शबाना मला बाजूला घेऊन गेली. खिडकीकडे तोंड करून त्यांची नमाजाची चटई अजून तशीच अंथरलेली आहे, उचलायचं कुणाच्या मनात येत नाही. ती म्हणाली, "शरीफचाचा, बाबा नमाज झाली की सगळ्यांची नावं घेऊन दुआ मागायचे, मला पाठ झाली होती ती यादी. पण शेवटी रोज एक नाव असायचं, नूरा. आमच्या घरात कुणी नूरा नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, शरीफला ठाऊक आहे. कोण होती हो?" मी म्हटलं, सांगतो, जरा वेळ दे. तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. म्हणजे इतकी वर्षं ते रोज पाच वेळा ते नाव घेत होते, आणि मी त्या बाईचं नाव एका कागदावरून काढल्यापासून पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. या पुरवणीच्या संपादकांनी दोस्ताच्या आठवणी मागितल्या होत्या, त्यांनी मला माफ करावं. मला अजून भीती वाटते, आता कुठल्या साहेबाची नाही. यूसुफभाई, तुम्हाला वाचता येत नाही आणि रविवारची ही पुरवणी तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवतो, हे मला हमीदभाईंनीच सांगितलं होतं. त्या दिवशी फोनवर मी खोटं बोललो. पुडक्यात सुकट नव्हती, फणसपोळी नव्हती. पुडकंच नव्हतं. तुमच्या भावानं तुमच्या बायकोलाही घरी थांबवायला लिहिलं होतं. ते मी खोडलं. त्यानं नाही, मी. पुढच्या महिन्यात मी गावी येतोय, तिकीट काढलंय, मला दारात उभं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. घरात माणसं बसलेली असतील, सुना असतील, शेजारी असतील, असू देत. नातवाला म्हणावं, हळू वाचू नकोस, मोठ्यानं वाच... आणि नूराचं नाव कुठेही गाळू नकोस.